मुक्तिनाथहून पुढे लो मंथांगला दोन दिवसांत जाऊन येता येईल का?

नेपाळमधल्या मुक्तिनाथचं दर्शन झाल्यावर तिथूनच जीप करून लो मंथांग ही मुस्तांगच्या राजांची जुनी राजधानी आणि तिथली बौद्ध देवळं दोन दिवसांत बघून परत येता येईल का, असं तुम्ही विचारलंय. रस्ता आहे, जीप पोहोचते. तरीही दोन दिवसांत जाऊ नका. मुक्तिनाथच्या खालच्या कागबेनी गावाच्या पुढे किमान तीन रात्री देता येत असतील तरच निघा, त्यातल्या दोन लो मंथांगमध्ये.

पहिलं कारण उंची. पोखरा साधारण ८२० मीटरवर आहे, जोमसोम २,७२०, कागबेनी २,८०० आणि लो मंथांग ३,८४०. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की खाली उतरा, हा नेहमीचा सल्ला. तो इथे लगेच अमलात आणता येत नाही. परतीच्या वाटेवर आधी लो ला ही ३,९५० मीटरची खिंड चढावी लागते, मग चरांग आणि घामी ही साडेतीन हजारांवरची गावं येतात, आणि त्यानंतर न्यी ला ही ४,०१० मीटरची खिंड ओलांडल्यावरच खरी उतरण लागते. म्हणून जातानाच सावकाश जायचं. पहिली रात्र जोमसोम किंवा मार्फा. दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथ, म्हणजे ३,७०० च्या वर चढून जायचं, पण झोपायला कागबेनीला खाली यायचं. हे दिवसभराचं चढणं-उतरणं शरीराला फार उपयोगी पडतं. तिसरी रात्र घामी, चौथी आणि पाचवी लो मंथांग. सोबत साठीच्या पुढचे कुणी असतील तर घामीला एक रात्र वाढवा. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही त्यांना विचारूनच घ्या.

परवान्याबद्दल बरेच लोक गाफील राहतात. नेपाळात आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून इथेही काही लागणार नाही, असं समजतात. कागबेनीच्या पुढचा भाग प्रतिबंधित क्षेत्र आहे (परदेशी माणसांना तो १९९२ मध्येच खुला झाला) आणि भारतीयांनाही परवाना लागतो. तो नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फत काठमांडू किंवा पोखऱ्यातून काढावा लागतो, सोबत परवानाधारक गाईड लागतो, आणि कागबेनीच्या चौकीवर कागद तपासतात. तिथे पोहोचून परवाना काढू म्हणालात तर तिथूनच मागे फिरावं लागेल. अनेक वर्षं दहा दिवसांचे माणशी सरसकट ५०० डॉलर घेत. अलीकडे दिवसाला ५० डॉलर अशी आकारणी सुरू झाली आहे. पैसे भरण्याआधी चालू दर एजन्सीकडून लेखी घ्या. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना वेगळा असतो. पासपोर्ट जवळ ठेवा आणि नेपाळी नोटा पोखरा-जोमसोमलाच घेऊन ठेवा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. काली गंडकीच्या दरीत सकाळी दहा-अकरानंतर दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो, कारण वरचं पठार उन्हाने तापतं आणि खालची हवा दरीतून वर ओढली जाते. पोखरा-जोमसोम विमानं म्हणूनच सकाळी उडतात आणि वरचेवर रद्द होतात. परतीच्या प्रवासात एक मोकळा दिवस राखा. जीपनेही सकाळी सातच्या आत निघा. मास्क आणि बंद चष्मा हवाच, धूळ अक्षरशः दातांत येते.

आता देवळं. लो मंथांग हे साधारण सहा मीटर उंच मातीच्या तटातलं लहानसं गाव आहे. लो म्हणजे मुस्तांगचं जुनं राज्य, त्याची स्थापना अमे पाल याने केली. जाम्पा ल्हाखांग हे देऊळ १४४० च्या दशकातलं, थुबचेन हे दुसरं १४७० च्या आसपासचं. दोन्ही कुलपात असतात. चावी भिक्षूंकडे असते, ते पूजेत किंवा कामात असले तर थांबावं लागतं. दुपारी तीनला पोहोचून सकाळी निघणाऱ्यांची देवळं इथेच हुकतात. आल्या आल्या गाईडला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरवायला सांगा.

जाम्पात मैत्रेयाची, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाची, मातीची मूर्ती दोन मजल्यांतून वर गेली आहे, त्यामुळे तिचा चेहरा वरच्या मजल्यावरून समोर येतो. त्या मजल्याच्या भिंतींवर मंडलंच मंडलं, म्हणजे देवतांची वर्तुळाकार चित्रं, आहेत. मोठ्या टॉर्चचा झोत सरळ मारू नका. साधी टॉर्च भिंतीला तिरकी धरून वर्तुळांतल्या एकेका लहान देवतेवर थांबा, सोन्याच्या रेघा उजळतात. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा डोळ्यांनीच बघायचं. थुबचेनमध्ये दारातच चार दिशांचे प्रचंड रक्षक राजे आहेत आणि आत लाकडी खांबांचं दालन. आजूबाजूला मोठं झाड नावाला नाही, हे लक्षात ठेवून ते खांब बघा.

मातीची सपाट छपरं गळून ही चित्रं खराब झाली होती. आधी छप्पर, मग भिंतीपासून सुटलेला गिलावा, मग काजळी, अशा क्रमाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे काम झालं. इटालियन तज्ज्ञ लुइजी फिएनी यांच्या हाताखाली गावातली शेतकरी माणसं हे काम शिकली. पुसून गेलेले भाग नव्याने रंगवले म्हणून अभ्यासकांनी टीका केली. पण अर्धवट देवापुढे हात कसे जोडायचे, हा गावकऱ्यांचा प्रश्न होता, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. ही देवळं अजून पूजेत आहेत. बूट-टोपी काढून, उजवीकडे देव ठेवून फिरा.

उरलेल्या अर्ध्या दिवसात जवळच्या छोसेर गावातली पाच मजली गुहा बघून होते. आतल्या शिड्या अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच बघा.

मे महिन्यात येणाऱ्या तीन दिवसांच्या तिजी उत्सवात खोल्या आधीच भरतात, तारखा तिबेटी पंचांगाने बदलतात. दिवाळीच्या सुट्टीत आकाश स्वच्छ, पण रात्री पाणी गोठतं. पावसाळ्यात वर पाऊस कमी असतो, पण बेनी-जोमसोम रस्त्यावर दरडी येतात. हिवाळ्यात निम्मं गाव पोखरा-काठमांडूला उतरतं आणि बरीच लॉज बंद असतात. शाकाहारी असाल तर डाळ-भात आणि बटाट्याची भाजी सगळीकडे मिळते. चहा मागताना मात्र गोड की लोणी-मिठाचा, ते आधीच सांगा.