डीएस म्हणजे लांबी: लाइन इंटिग्रल शिकणाऱ्याला पत्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पुस्तकं इंग्रजीत आणि वर्गातल्या गप्पा कानडीत, त्यामुळे व्हेक्टर कॅलक्युलस डोक्यावरून जातंय असं तू लिहिलंस. भाषेचा अडसर खरा आहे, पण या धड्यापुरता तो फार मोठा नाही. स्केलर फील्डच्या लाइन इंटिग्रलमध्ये बेळगावातली काय, बेंगळुरूतली काय, मुलं अडकतात ती डीएसपाशी. सूत्र पाठ असतं, पण डीएस काय मोजतो ते कुणी बघितलेलं नसतं.

शेतात पाइपलाइनसाठी चर खणायचा आहे असं समज. खानापूर भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: विहिरीपाशी माती मऊ, माळाकडे सरकलं की मुरूम, पुढे जांभा. खणणारा मीटरमागे दर लावतो आणि तो दर जागेप्रमाणे बदलतो. प्रत्येक जागेला एक आकडा, त्याला दिशा नाही. हेच स्केलर फील्ड, त्याला एफ म्हणू. चराची वाट म्हणजे वक्र सी. वाटेचा बारीकसा तुकडा घेतला तर त्याची लांबी डीएस, आणि त्याचा खर्च दर गुणिले लांबी. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे ∫ एफ डीएस.

आता आकडे घालू. विहीर (०, ०) वर, टाकी (३०, ४०) वर, मापं मीटरमध्ये, एक्स पूर्वेकडे आणि वाय उत्तरेकडे. दर १०० + २एक्स रुपये प्रति मीटर. चर सरळ रेषेत न्यायचा. आधी वाट टीमध्ये मांड (टी म्हणजे वाटेवर आपण कुठे आहोत ते सांगणारा आकडा): एक्स = ३०टी, वाय = ४०टी, टी ० ते १. मग

डीएस = √[(डीएक्स/डीटी)² + (डीवाय/डीटी)²] डीटी = √(९०० + १६००) डीटी = ५० डीटी.

दरातही एक्सच्या जागी ३०टी घाल, म्हणजे १०० + ६०टी. खर्च = ५० ∫ (१०० + ६०टी) डीटी, टी ० ते १. कंसाचं इंटिग्रल १३०, म्हणून उत्तर ६५०० रुपये.

हा ५० विसरून डीएसच्या जागी नुसता डीटी लिहिला की उत्तर १३० येतं. पेपरातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती पकडायला एककं लिहीत जा. इथे टीला एकक नाही, म्हणून १३० हे रुपये नाहीत, रुपये प्रति मीटर आहेत: या ५० मीटर वाटेवरचा सरासरी दर. चूक अगदी बिनकामाची नाही बघ, पण गुण मिळणार नाहीत.

तोच चर आधी पूर्वेला ३० मीटर आणि मग उत्तरेला ४० मीटर नेला, तर पहिल्या टप्प्याला ३९०० आणि दुसऱ्याला १६० × ४० = ६४००, एकूण १०३०० रुपये. आधी उत्तरेला आणि मग पूर्वेला गेलास तर ४००० + ३९०० = ७९००. टोकं तीच, वाटा तीन, उत्तरं तीन. म्हणून प्रश्नात नुसती टोकं न बघता वाट कोणती दिलीय ते आधी वाच.

दिशेचं मात्र उलट आहे. टाकीकडून विहिरीकडे खणत आलं म्हणून खणणारा पैसे परत देत नाही. एक्स = ३० − ३०टी, वाय = ४० − ४०टी घेऊन बघ: डेरिव्हेटिव्ह ऋण येतात, त्यांचा वर्ग केला की ऋण चिन्ह जातं, डीएस पुन्हा ५० डीटी आणि उत्तर पुन्हा ६५००. काही मुलं जुनी मांडणी ठेवून टी १ पासून ० पर्यंत नेतात आणि −६५०० काढतात. डीएस लांबी आहे, धनच राहणार, म्हणून खालची सीमा वरच्या सीमेपेक्षा लहानच हवी. खणण्याचा वेग बदलला तरी खर्च बदलत नाही, तसं टीच्या जागी टी² घेतला तरी उत्तर तेच येतं. करून बघ.

वर्गमूळ काढतानाही सांभाळ. एक्स = कोस³टी, वाय = साइन³टी या वक्राचा डीएस येतो ३ |साइन टी · कोस टी| डीटी. उभ्या रेघा (चिन्ह सोडून नुसती किंमत घ्यायची खूण) गाळून ० ते २ पाय (π) इंटिग्रेट केलंस तर सबंध वक्राची लांबी शून्य येते! खरी लांबी ६ आहे. पहिल्या चतुर्थकात १½ काढून चारने गुण, सोपं पडतं.

वर्तुळ असलं की वाय = √(९ − एक्स²) घेऊन बसू नकोस. टोकांशी उतार अनंत होतो आणि उगाच त्रास. कोन घे: त्रिज्या ३ असेल तर डीएस = ३ डीथीटा. एफ = वाय, वरचं अर्धवर्तुळ: ∫ ३ साइन थीटा · ३ डीथीटा, ० ते पाय, उत्तर १८. थीटा २ पायच्या पुढे गेला तर तीच वाट दुसऱ्यांदा मोजली जाते, म्हणून सीमा तपास.

पुढे एफ · डीआर येईल, बलाने केलेलं काम; तिथला एफ म्हणजे दर नव्हे, दिशा असलेलं बल. तिथे दिशा उलटली की चिन्ह उलटतं, आणि नेमका इथेच गोंधळ होतो. डीआर म्हणजे टँजंटचा (वाटेच्या स्पर्शरेषेचा) एकक व्हेक्टर गुणिले डीएस. म्हणजे बलाचा वाटेच्या दिशेतला घटक हा स्केलर घ्यायचा आणि आजचंच इंटिग्रल करायचं. डीएस तिथेही धनच. चिन्ह बदलतं ते त्या टँजंटमुळे. ग्रीन आणि स्टोक्सच्या प्रमेयांना हात लावण्याआधी एवढं पक्कं कर.

एक गणित देतो. एक्स = ३ कोस टी, वाय = ३ साइन टी, झेड = ४टी, टी ० ते २ पाय, एफ = झेड. उत्तर ४० पाय² यायला हवं. ८ पाय² आलं तर पाचाचा गुणक कुठे सांडला ते तूच शोध, आणि पुढच्या पत्रात पायऱ्या लिहून पाठव.