वाचकांचे प्रश्न : ऐतिहासिक उपनगरात घर घ्यावे का?

प्रश्न : आम्ही दोघेही मोठ्या शहरात नोकरी करतो. शहराबाहेर, आगगाडी आल्यावर एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या एका छोट्या नगरात आम्हाला विटांचे एक दुमजली घर फार आवडले आहे. झाडांच्या सावलीतले रस्ते, चालत जाता येईल असे स्थानक, दर्शनी भागातल्या जुन्या लाकडी खिडक्या, सारे पाहताक्षणी मनात भरले. नगराचा तो भाग वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. मध्यस्थ म्हणतो, अशा ठिकाणची किंमत कधी उतरत नाही. नातेवाईक म्हणतात, जुने घर म्हणजे पांढरा हत्ती पोसणे. आम्हाला मागच्या बाजूला एक खोली वाढवायची आहे आणि सगळ्या खिडक्या बदलायच्या आहेत. घर घ्यावे का?

उत्तर : घराचे वर्णन तुम्ही मन लावून केले आहे आणि त्यात काय बदलायचे आहे ते एका ओळीत उरकले आहे; माझ्या मते तुमचा निर्णय त्या एका ओळीवरच ठरायला हवा. ती खोली कधीच वाढवता आली नाही आणि त्या खिडक्या आहेत तशाच राहिल्या, तर पुढची वीस वर्षे तुम्ही या घरात समाधानाने राहाल का, याचे उत्तर दोघांनी आधी वेगवेगळे लिहून काढावे आणि मग एकमेकांना दाखवावे. दोघांचेही उत्तर ‘होय’ असेल तरच बाकीच्या तपासणीवर वेळ आणि पैसा खर्च करण्यात अर्थ आहे.

असे म्हणण्याचे कारण आहे. तुम्हाला जे आवडले त्यातले बरेचसे त्या घराच्या चार भिंतींत नाहीच. ते रस्त्यात आहे, शेजाऱ्यांच्या अंगणात आहे, आणि ते टिकले आहे ते सर्वांचे हात थोडेथोडे बांधलेले असल्यामुळे. शिकागोच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर वसलेल्या रिव्हरसाइड या उपनगराचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८६९ मध्ये केला, तेव्हा त्यांनी रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले, घरे रस्त्यापासून मागे घेतली आणि नदीकाठ सर्वांसाठी मोकळा सोडला. लंडनमधले हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब १९०७ मध्ये आकाराला येऊ लागले, तेव्हा त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या समाजसेविका हेन्रिएटा बार्नेट यांचा आग्रह होता की दोन अंगणांमध्ये भिंत नसावी, झुडपांचे कुंपण असावे. आजही तेथे घराच्या बाह्यरूपात बदल करायचा तर पालिकेच्या परवानगीखेरीज तिथल्या न्यासाची वेगळी संमती घ्यावी लागते. ज्या नियमामुळे समोरच्या घरावर तिसरा मजला चढत नाही, तोच नियम तुमच्या मागच्या खोलीलाही लागू होतो, आणि एक हवा व दुसरा नको असे म्हणता येत नाही.

आता ‘वारसा’ या शब्दाविषयी. मध्यस्थ तो फार सैलपणे वापरतात, कारण तो कानाला चांगला लागतो. पण त्याच्याखाली अगदी भिन्न कायदेशीर परिस्थिती असू शकतात. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने संवर्धन क्षेत्रे अस्तित्वात आली, आणि अशा क्षेत्रात स्वतःच्या अंगणातले वाढलेले झाड तोडायचे झाले तरी पालिकेला सहा आठवडे आधी कळवावे लागते. क्षेत्र जाहीर असणे मात्र वेगळे आणि एखादी इमारत स्वतः संरक्षित इमारतींच्या सरकारी सूचीत असणे वेगळे : सूचीतल्या इमारतीच्या आतला जिना, दारे, शेकोटीची चौकट हेही संरक्षणाखाली येते, विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा ठरतो, आणि आधीच्या मालकाने असा बदल केला असेल तर तो पूर्ववत करण्याची नोटीस सध्याच्या मालकाच्या हाती पडू शकते. अमेरिकेत गैरसमज नेमका उलट्या दिशेने होतो. तेथे १९६६ च्या कायद्यान्वये ठेवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय नोंदवहीत घर असणे हा मान आहे, पण स्वतःच्या पैशाने बदल करणाऱ्या खासगी मालकाला ती नोंद अडवत नाही. अडवतो तो त्या त्या नगराने स्वतः केलेला वारसा क्षेत्राचा नियम. म्हणून घर कोठेही असो, तुमची पहिली फेरी नगराच्या नियोजन कार्यालयात व्हायला हवी. या पत्त्यावरील घराला कोणकोणते नियम लागतात, आजवर कोणते बदल परवानगीने झाले आणि कोणते अर्ज फेटाळले गेले, हे लेखी मागा. विक्रेत्याने दाखवलेला एखादा मागचा पडवीवजा भाग परवानगीने झालेल्या बदलांत नसेल, तर तो प्रश्न उद्या तुमचा होणार आहे हे धरून चाला.

रस्त्यावरून न दिसणाऱ्या मागच्या खोलीला पुष्कळ नगरांत परवानगी मिळण्याचा संभव बरा असतो. दर्शनी खिडक्यांचे तसे नाही, आणि खरे सांगायचे तर त्या बदलण्याच्या मी स्वतःच विरोधात आहे. जुन्या खिडक्यांचे लाकूड बहुतेकदा सावकाश वाढलेल्या झाडांचे, घट्ट, दाट रेषांचे असते. खालचा आडवा तुकडा कुजला असेल तर चांगला सुतार तेवढाच कापून नवा जोडतो. थंडी आणि आवाज यांसाठी आतल्या बाजूने काचेची दुसरी चौकट बसवता येते. ती बाहेरून फारशी जाणवत नाही आणि पुढे केव्हाही काढता येते.

कागदपत्रे मनासारखी निघाली की घराकडे वळा, आणि जमले तर भर पावसात जा. कोरड्या दिवशी जुने घर पाहणाऱ्याला निम्मे घर दिसतच नाही. छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पन्हळीतून पाणी कोठे ओसंडते, नळ जोत्याशी कोठे मोकळा होतो, हे पाहा. मी तपासलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर सगळीकडे ताजा रंग होता, जमिनीच्या फळ्या नुकत्याच घासून चकचकीत केल्या होत्या, आणि बाहेर पन्हळीच्या जोडाखाली हाताच्या पंजाएवढा रुंद हिरवट पट्टा भिंतीवरून खाली उतरला होता. त्या पट्ट्याच्या नेमक्या आतल्या बाजूची एक फळी उचलायला लावली. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे दाभण टेकवले, तर ते फक्त अंगठ्याच्या जोराने दोन बोटे आत गेले. तीच तुळई हातभर अलीकडे दगडासारखी टणक होती. जुन्या भरीव भिंतींत हे वारंवार आढळते, कारण तुळईचे टोक आणि बाहेरचा पाऊस यांच्यामध्ये बऱ्याचदा एकाच विटेच्या रुंदीचे अंतर उरलेले असते. विक्रेता फळी उचलू देत नसेल तर मी त्या व्यवहारात पुढे जाणार नाही.

तडे पाहून मात्र घाबरून जाऊ नका. शंभर वर्षांच्या घरात दाराच्या चौकटी थोड्या कललेल्या असतात आणि चेंडू ठेवला तर तो कोपऱ्याकडे घरंगळतो. घर केव्हाच बसून स्थिरावलेले असू शकते. तड्याच्या आत धूळ आणि रंगाचे जुने थर असतील तर तो बहुधा जुना. कडा ताज्या आणि स्वच्छ असतील, किंवा गेल्या वर्षी बुजवलेला तडा त्याच रेषेत पुन्हा उघडला असेल, तर बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय विसार देऊ नका. हा अभियंता मध्यस्थाने सुचवलेला नसावा, आणि त्याने आयुष्यभर नव्या काँक्रीटच्याच इमारती पाहिलेल्या नसाव्यात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वायरिंग कोणत्या काळातले आहे ते पाहा. चिनी मातीच्या गुट्ट्यांवरून नेलेल्या जुन्या तारा अजून चालू असतील तर काही विमा कंपन्या विमा देतच नाहीत. मैल्याच्या जुन्या मातीच्या नळांत झाडांची मुळे शिरतात, म्हणून नळात कॅमेरा सोडून पाहणी करून घ्या. जुन्या रंगात शिसे असते : अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि त्याआधीच्या घरांच्या खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवसांची मुदत कायद्यानेच दिली आहे. घरात लहान मूल असेल तर ही तपासणी टाळू नका, आणि तोवर जुना रंग कोरडा घासू देऊ नका. विमा काढताना बाजारभावाकडे न पाहता, तीच वीट, तेच लाकूड आणि तेच कारागीर वापरून घर पुन्हा उभारायला किती लागेल ते धरा. ती रक्कम खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त निघू शकते.

किमतीबद्दल मध्यस्थ जे म्हणतो ते मला मान्य नाही. ज्या रिव्हरसाइडचे कौतुक आज जगभर होते, ते उभारणारी कंपनी १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर आणि १८७३ च्या आर्थिक संकटात बुडाली. लंडनचे बेडफर्ड पार्क हे उपनगर १८७५ पासून उभे राहिले, पुढे त्याला उतरती कळा लागली, घरे पाडली जाऊ लागली. १९६३ मध्ये रहिवाशांनी संस्था स्थापन करून झुंज दिली आणि १९६७ मध्ये तेथील साडेतीनशेहून अधिक घरे सूचीत आली, म्हणून ते वाचले. किंमत चढते तशी उतरतेही, आणि ती पुन्हा वर येते तेव्हा त्यामागे बहुधा कोणाचे तरी बिनमोबदल्याचे श्रम असतात. भाव वाढेल या आशेवर हे घर घेऊ नका. छप्पर, पन्हळी आणि वायरिंग यांचे अंदाजपत्रक खरेदीआधी मिळवा आणि ती रक्कम हप्त्यांच्या हिशेबाबाहेर गंगाजळी म्हणून बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे जा.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझे सरळ उत्तर असे : खिडक्यांचा हट्ट सोडायला तयार असाल, तुळयांची टोके कोरडी निघाली आणि मागची खोली ही सोय असून निकड नसेल, तर घर घ्या, कारण चालत गाठता येणारे स्थानक आणि सावलीचा रस्ता या गोष्टी पैसे टाकून नव्या वस्तीत आणता येत नाहीत. खोली निकडीची असेल, म्हणजे तिच्याशिवाय कुटुंब तेथे मावतच नसेल, तर नियोजन कार्यालयाचे अनुकूल मत लेखी हातात येईपर्यंत थांबा, मग दुसरा गिऱ्हाईक ते घर घेऊन गेला तरी चालेल.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या नगरात घर घेतले. तळमजल्याच्या भिंतीला ओल होती म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि आतून ओलरोधक रंग लावला. आता कंबरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे निघत आहेत आणि पांढरा लोणा फुटतो आहे. आम्ही फसलो का? घर विकून टाकावे का?

उत्तर : विकण्याची घाई करू नका; तुमचे घर बहुधा चांगले आहे आणि उपाय चुकला आहे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले, तरी त्यानंतरही कित्येक दशके साधी घरे चुन्यातच बांधली जात होती. चुन्याची भिंत थोडे पाणी पिते आणि कोरड्या हवेत ते परत सोडते. तिचे आरोग्य या देवघेवीवर अवलंबून असते. तुम्ही दोन्ही बाजूंनी तिचे तोंड बंद केले. आत अडकलेले पाणी वर चढत जाते, जेथे फट सापडेल तेथून बाहेर पडते, आणि सुकताना त्यातले क्षार मागे राहतात. तोच तुमचा लोणा. दरजांमध्ये सिमेंट भरले असेल तर नुकसान आणखी वाढते, कारण ते मऊ विटेपेक्षा कठीण असते आणि थंडीवाऱ्यात वीटच झिजून दरज पुढे आलेली दिसते.

आधी पाणी कोठून येते ते शोधा. बाहेरची माती किंवा फरशी वर्षानुवर्षे चढत जाऊन आतल्या जमिनीच्या वर आली आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन. पुष्कळदा दोन वीत माती खोदून काढली की निम्मे काम होते. नंतर सिमेंटचा गिलावा एका कोपऱ्यात हातभर काढून पाहा. विटेचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येत असेल तर तेथेच थांबा आणि चुन्याच्या कामाचा जाणकार गवंडी बोलवा. गिलावा सुखरूप निघाला तर भिंत उघडी ठेवून सुकू द्या. दर इंचाला एक महिना असा ढोबळ ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. तोवर नवा गिलावा नको, रंग नको, आणि भिंतीला टेकून कपाटही नको. नंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. घर संवर्धन क्षेत्रात असेल तर काम सुरू करण्याआधी बाहेरच्या गिलाव्यासाठी परवानगी लागते का तेही विचारून घ्या.

प्रश्न : जुन्या घराची कटकट नको, म्हणून अशाच एखाद्या जुन्या नगराच्या कडेला बांधलेले नवे घर घेतले तर दोन्ही गोष्टी साधतील का?

उत्तर : बऱ्याच अंशी साधतील आणि तुमचा विचार अगदी रास्त आहे. दोन गोष्टी तेवढ्या पाहा. घर नवे असले तरी वारसा क्षेत्राची सीमारेषा तुमच्या जागेच्या पलीकडून जात असेल तर नियम तुम्हालाही लागतात, म्हणून नकाशावर ती रेषा स्वतः बोटाने चाचपून पाहा. दुसरे म्हणजे जुनी वस्ती बहुधा आधी उंचवट्याची जागा धरते आणि सखल जमीन मागाहून येणाऱ्यांसाठी उरते. शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारा की या जागेवर आधी काय होते आणि जोराचा पाऊस झाला की येथे पाणी किती वेळ उभे राहायचे.