४५ लाखांची बाग आणि एमडीएसची सीट

पत्राचा गोषवारा: देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार, वय ५६. मुलीचं बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालं, इंटर्नशिपही संपली. शिक्षणकर्जाचे ९ लाख बाकी आहेत आणि हप्ता पुढच्या वर्षी सुरू होईल. तिला ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (वेडेवाकडे दात तारांनी सरळ करण्याची शाखा) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण, करायचंय, पण नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेच्या क्रमांकावर सरकारी कॉलेजात ती शाखा मिळाली नाही. एका एजंटाने खाजगी कॉलेजातली मॅनेजमेंट कोट्याची सीट 'करून देतो' म्हटलंय. फी वर्षाला ११ लाख, तीन वर्षं, आणि सीट धरून ठेवायला २ लाख टोकन. मुंबईचा एक माणूस दीड एकर हापूसच्या बागेचे ४५ लाख द्यायला तयार आहे. सातबाऱ्यावर यांच्यासोबत एका भावाचं आणि दोन बहिणींचं नाव आहे. धाकटा मुलगा बारावीत. दुसरे पर्याय दोन: कणकवलीत १४ लाख घालून स्वतःचा दवाखाना, नाहीतर कुडाळच्या एका दवाखान्यात महिना २२ हजारांची नोकरी. प्रश्न एकच: बाग विकू का?

सस्नेह नमस्कार,

आधी टोकनचं. बाकीचा विचार सावकाश करता येईल, हे मात्र आजच मिटवा: एजंटाला एक रुपयाही देऊ नका. एमडीएसचा प्रवेश नीट-एमडीएसच्या क्रमांकावर आणि समुपदेशनाच्या फेऱ्यांमधूनच होतो. राज्यातल्या खाजगी कॉलेजांच्या जागा राज्याच्या प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाकडून भरतात, अभिमत विद्यापीठांच्या केंद्राच्या समुपदेशन समितीकडून. मॅनेजमेंट कोटासुद्धा याच रांगेत येतो. सीट 'धरून ठेवण्याची' सोय कुणाकडेच नसते. फीच्या वर पैसे मागणं तर १९८७ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्या कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लेकीला बघायला सांगा. अभिमत विद्यापीठ असेल तर तिथे दिसणार नाही, मग माहितीपुस्तिका बघायची. एजंटाचे ११ लाख आणि तिथला आकडा जुळतो का, एवढं आधी कळू दे.

आता बाग. पत्रात तुम्ही सरळ लिहिलंय, 'माझ्याकडे ४५ लाख येतील.' ते येणार नाहीत. बाग वडिलांकडून आलेली, वाटणी झालेली नाही आणि सातबाऱ्यावर चार नावं आहेत. चौघांचे हिस्से सारखे धरले तर तुमच्या वाट्याला सव्वाअकरा लाख येतात, म्हणजे त्या सीटची एका वर्षाची फी. भाऊ आणि बहिणी 'काही मागणार नाहीत, तोंडी सगळं ठरलंय' असं तुम्ही म्हणता. त्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण खरेदीखतावर त्यांच्या सह्या लागतील, पैसे त्यांच्या नावाने निघतील, आणि ४५ लाखांचा आकडा समोर आला की पुढची पिढीही बोलायला लागते. सोडणारच असतील तर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग पुढची बोलणी. आणि तो मुंबईचा माणूस स्वतः शेतकरी आहे का? आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. त्याचा सातबारा मागा. अनेक सौदे तिथेच गळतात.

समजा सगळ्यांनी मनापासून सोडलं आणि ४५ लाख खरंच तुमच्या हातात आले. तरी बाग विकणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. तुमचेच आकडे बघा. फवारणी, खत, राखण, पेट्या आणि वाशीच्या दलालाची अडत वजा करून बऱ्या वर्षी सव्वादोन लाख सुटतात. मोहोर गळला किंवा अवकाळी पडला की पन्नास हजारांवर भागवावं लागतं. ४५ लाख ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ३ लाख १५ हजार येतात, फवारणीशिवाय. बाग गावाच्या हद्दीत, नगरपंचायतीपासून कायद्यात ठरलेल्या अंतरापलीकडे असेल, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. जवळच्या नगरपंचायतीची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हे अंतर हवाई मोजून २ किलोमीटर धरतात. तुमची जमीन कुठे बसते ते सीएकडून लेखी घ्या. शिवाय सगळीच शेतजमीन विकू नका. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की पुढे मुलांना शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचं सिद्ध करावं लागतं.

म्हणजे बाग विकून पैसे तुमच्या म्हातारपणासाठी ठेवलेत तर मी त्यावर वाद घालणार नाही. तुम्हाला पेन्शन नाही, मुलगा अजून शिकायचाय, आणि दहा वर्षांनी कलमांवर कोण चढणार हाही प्रश्न आहेच. माझी हरकत बाग विकून सीट घेण्याला आहे. त्यात तुमचं म्हातारपण, धाकट्याचं शिक्षण आणि बहिणींचा हिस्सा, तिन्ही एका शाखेवर लागतात. तुम्ही लिहिलंत, 'चेडवाचा (मुलीचं) बरा होयत तर कलमां काय, परत लावूक येतत.' लावूक येतत खरी, पण आज लावलेलं हापूसचं कलम चांगला माल द्यायला लागेपर्यंत तुम्ही ६५ च्या पुढे असाल.

मग सीट कर्ज काढून घेतली तर? मी साडेदहा टक्के दर धरून हिशेब केला. दरवर्षी ११ लाख उचलले, शिकताना आणि पुढच्या एका वर्षाच्या हप्ता-सवलतीत सरळव्याज चढलं, की परतफेड सुरू होईपर्यंत ३३ लाखांचे ४३ लाख ४० हजार होतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना ४८ हजारांच्या आसपास. यात राहण्या-खाण्याचा खर्च धरलेला नाही. आधीच्या ९ लाखांचा दहा टक्क्यांनी, दहा वर्षांत फेडायचा हप्ता जवळजवळ १२ हजार. दोन्ही मिळून ६०. तुमच्या लेकीने तिच्या सीनियरांना विचारलंय, त्यांना एमडीएसनंतर दोन-तीन वर्षांनी महिना साठ ते ऐंशी हजार मिळतात. राहिलं काय?

शिवाय साडेसात लाखांवरच्या शिक्षणकर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि तुमच्याकडचं तारण बँकेला नको असतं. कर्ज थकलं तर घरदार जप्त करायला बँका जो सरफेसी कायदा वापरतात, तो शेतजमिनीला लागू नाही. त्यात सामायिक सातबारा. म्हणजे मॅनेजर शेवटी जामसंड्याच्या घरावर बोट ठेवणार, आणि ते घर तुमच्या पत्नीच्या नावावर आहे. त्यांना विचारलंत का? पत्रात त्यांचा उल्लेख फक्त घराच्या मालक म्हणून आलाय, म्हणून विचारतो.

'शिक्षणकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते' या आमिषालाही भुलू नका. ती सवलत फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर नाही. लेकीचं उत्पन्न बरीच वर्षं त्याखालीच असेल, आणि तुमचं शेतीचं उत्पन्न करमुक्त. सवलत घ्यायची कशातून?

एमडीएस नकोच, असं मात्र मी सांगत नाहीये. कोकणात तज्ज्ञ दंतवैद्याला स्वतःचा दवाखाना लागतोच असं नाही. सोमवारी सावंतवाडी, मंगळवारी कुडाळ, गुरुवारी कणकवली, असं चार-पाच दवाखान्यांत ठरल्या वारी जाऊन काम करणारे कन्सल्टंट तुम्ही पाहिले असतील. खुर्ची दुसऱ्याची, पेशंट दुसऱ्याचे, कामाचा ठरलेला वाटा आपला. भांडवल म्हणजे डिग्री, हत्यारांची पेटी आणि एक गाडी. ऑर्थोला ही पद्धत बरी जमते, कारण तारा लावलेलं पोर दीड-दोन वर्षं महिन्यातून एकदा येतंच. पण गावागावांतून रोजचं काम येतं ते दाढ दुखते, रूट कॅनल, कवळी. म्हणून एन्डोडॉन्टिक्सकडेही (रूट कॅनलची शाखा) तिने उघड्या मनाने बघावं. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि सगळ्यांना बाजार सारखा नाही. ओरल पॅथॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थ घेणाऱ्याने अध्यापन किंवा संशोधन डोळ्यासमोर ठेवलेलं बरं.

कणकवलीच्या दवाखान्याला आत्ता माझी सही नाही. १४ लाखांच्या अंदाजात खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, फर्निचर, डिपॉझिट सगळं आहे, फक्त पहिल्या वर्षाचा तोटा नाही. कोकणातल्या दवाखान्याच्या गल्ल्याचा वर्षाचा आकार विचित्र असतो. मे महिन्यात चाकरमानी येतात, हापूसचे पैसे आलेले असतात, आईची कवळी आणि बाबांच्या कॅपा तेव्हा होतात. नंतर पाऊस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, शेतीची कामं, हातात रोकड नाही. माणूस लवंग धरून बसतो आणि चवथीला मुंबईहून मुलगा आला की दवाखान्यात येतो. भाडं आणि हप्ता मात्र जुलैतही द्यावाच लागतो. त्यातून पावसात लाइट गेली की कॉम्प्रेसर बंद, खाऱ्या हवेने हत्यारांना गंज. हे सगळं दुसऱ्याच्या दवाखान्यात राहून, दुसऱ्याच्या पैशाने शिकता येतं. आणि उघडाल तेव्हा एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी या दोन गोष्टी अंदाजपत्रकात आधी लिहा.

तेव्हा माझं मत: कुडाळची नोकरी घ्या, पण २२ हजारांवर घासाघीस करू नका. घासाघीस कामावर करा. रूट कॅनल तिला स्वतःच्या हाताने करू देणार का, तिथे येणाऱ्या कन्सल्टंटच्या बाजूला उभं राहू देणार का, अभ्यासासाठी आठवड्यातून एक दिवस देणार का, हे आधी बोलून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर २० हजारांतही परवडेल. नाही म्हणाले तर ३० मध्येही नको. दोन वर्षांत नीट-एमडीएसचे दोन प्रयत्न होतील. याच परीक्षेच्या गुणांवर आर्मी डेंटल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनला बीडीएसवालेही अर्ज करू शकतात. तिला मानवत असेल तर तीही जाहिरात बघत राहावी.

आणि सीटसाठी मर्यादा आजच ठरवा. सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही कर्जांचा मिळून हप्ता २५ हजारांवर जाऊ नये, हे मी ७० हजारांच्या उत्पन्नाला धरून सांगतोय. जुन्या कर्जाचे १२ गेले, उरले १३. त्यात बसणारं नवीन कर्ज, सवलतीच्या काळातलं व्याज पोटात धरून, मूळ ९ लाखांच्या आसपास येतं. म्हणजे सरकारी कॉलेज, किंवा फी खरोखर कमी असलेली खाजगी जागा, तीही काम मिळणाऱ्या शाखेची. या चौकटीत सीट आली तर एक दिवसही थांबू नका. बँकेकडून एवढं लेखी घ्या की पुढच्या शिक्षणाच्या काळात जुन्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलतील का. नाही म्हणाले तर तीन वर्षं तो बागेच्या उत्पन्नातून भरावा लागेल. बऱ्या वर्षी जमेल, मोहोर गळलेल्या वर्षी नाही. म्हणून ती नोकरी करत असताना तिच्या पगारातले महिना सहा-सात हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत जाऊ देत.

बाग विका किंवा ठेवा, सातबारा मोकळा करून घ्याच. भाऊ आणि बहिणी चवथीला घरी येतीलच. वाटणीपत्र करायचं की हक्कसोड, हे तेव्हा बोलून ठरवा. पण दुय्यम निबंधकाचं कार्यालय गणेश चतुर्थीला बंद असतं, म्हणून नोंदणीची वेळ पाचव्या-सहाव्या दिवसाची, आत्ताच घेऊन ठेवा. गौरीविसर्जन झालं की मुंबईच्या गाड्या भरून जातात आणि चार सह्या पुन्हा मे महिन्याशिवाय एकत्र येत नाहीत.