गेट-ग्रिलवाला, एस्टीम आणि फ्युएल सेल

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. जुनी मारुती एस्टीम घेतलीये, तिची रेस कार करायचीये. ओळखीचा एक गेट-ग्रिलवाला रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाईपांचा सांगाडा) बनवून द्यायला तयार आहे, आणि एकाकडून वापरलेला फ्युएल सेल, म्हणजे रेसवाली पिशवीची पेट्रोल टाकी, स्वस्तात मिळतोय, आतल्या फोमसकट. आधी काय बसवू? की दोन्ही एकदमच उरकून टाकू?

उत्तर: आधी केज. पण त्याच्याही आधी गाडीची ओरिजिनल टाकी काढून लांब ठेव. रिकामीच तर आहे म्हणून राहू देऊ नको बाप्पा, रिकाम्या टाकीतली वाफच वेल्डिंगच्या ठिणगीला भडकते. मग सीटा, कार्पेट, आणि फ्लोअरला चिकटवलेली डांबरी शीट खरवडून काढ, नाहीतर वेल्डिंग वरून चालू आणि खाली धूर. बॅटरी काढ, ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कनेक्टर पण.

आता तुझा गेट-ग्रिलवाला. वेल्डिंग त्याचं चांगलं असेलही, पण पाईप कुठला वापरणार ते विचार. गेटचा पाईप पट्टी वळवून जोडलेला असतो, आत बोट फिरवलं तर लांबच लांब शिवण लागते. एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) नियमात केजला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंडच ओढलेला बिनशिवणीचा पाईप लागतो, मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची मोठी कमान) 45 मिमी व्यासाचा 2.5 जाडीचा नाहीतर 50 चा 2 जाडीचा, बाकीचे पाईप 38 ला 2.5 नाहीतर 40 ला 2. वाकवायचा तो पण थंडच, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या कमीत कमी तिप्पट. गॅसने लाल करून वाकवला की वळणात चपटा होतो, आणि गाडी उलटली की तिथूनच दुमडणार. हिंगणा एमआयडीसीत पाईप बेंडिंगची चौकशी कर, वाकवून तिथून आण आणि जोडणी तुझ्या माणसाकडून करून घे. तुझ्या स्पर्धेचे एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटर स्पर्धांची संघटना) नियम मात्र कापाकापीच्या आधी वाच.

सगळ्यात जास्त डोकं केजच्या पायांशी लाव. केज कितीही भारी असला तरी पातळ पत्र्यावर उभा केला तर आपटल्यावर पाईप पत्रा फोडून खाली जातो. मेन हूपच्या प्रत्येक पायाखाली 3 मिमी जाडीची, निदान 120 चौरस सेंमीची प्लेट लागते, म्हणजे तळहाताएवढी. बोल्टचे पाय असतील तर एकेका पायाला कमीत कमी तीन एम-8 बोल्ट, 8.8 ग्रेडचे. आणि जुन्या एस्टीमचा फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, आत घुसला तर आधी पत्राकाम.

एक माझी चूक सांगतो. पहिल्या केजला मी पाय आधी वेल्ड करून टाकले, मग बघतो तर छताला चिकटलेल्या जोडांच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्चच जाईना, अर्धा गोल वेल्ड आणि अर्धा रामभरोसे. सगळं कापून परत केलं. तू पायाखालच्या प्लेटा बाजूला ठेव, केज खाली बसव, वरचे जोड पूर्ण गोल वेल्ड कर आणि मग उचलून प्लेटा सरकव.

फ्युएल सेलचं म्हणशील तर आधी पिशवीवरची तारीख बघ. एफआयएच्या एफटी-3 दर्जाच्या पिशवीचं आयुष्य बनवल्यापासून 5 वर्षं, बनवणाऱ्यानेच तपासून पास केली तर आणखी 2. लेबलच नसेल तर स्वस्त कसली, भंगारच. फोमचा तुकडा चिमटीत दाबून बघ, भुगा झाला तर तो भुगा पंपात आणि फिल्टरमध्ये जाणार, आणि आता इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं त्यात जुना फोम आणखी लवकर विरघळतो. फोम काढून नुसती टाकी वापरू नको, पेट्रोलचं हिंदकळणं तोच थांबवतो.

आपल्या मे महिन्यात 45 डिग्रीला काठोकाठ भरू पण नको. 20 डिग्रीचं 40 लिटर पेट्रोल तेवढ्या उन्हात जवळपास लिटरभर फुगतं. व्हेंटची (टाकीतली वाफ सोडणारी) नळी गाडीबाहेर काढ, तिला गाडी उलटली की बंद होणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह लाव, आणि सेल अन् ड्रायव्हर यांच्यामध्ये धातूचा पडदा ठोक, भोकं सगळी बुजवून.

प्रश्न: माझा मुलगा रोजच्या गाडीत केज बसवायचा म्हणतोय, कॉलेजला जायच्या. सेफ राहील म्हणतो. खरं का हो? (धरमपेठ)

उत्तर: नाही ताई. रेसमध्ये डोक्यावर हेल्मेट असतं, सहा पट्ट्यांचा बेल्ट असतो, पाईपवर पॅडिंग असतं. वर्धा रोडवर साधी धडक बसली तरी उघडं डोकं थेट लोखंडावर. शिवाय मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये असले बदल बसत नाहीत. हेल्मेट घालून कॉलेजला कार चालवशील का, एवढं विचारून बघा त्याला.