आयरीन की इरीना?

तुमच्या बहिणीला लेकीचं नाव 'आयरीन' ठेवायचंय आणि रशियन सासरचे 'इरीना'वर अडून बसलेत. नाव एकच आहे हो! फरक पडला तो कोणी ते कोणत्या शतकात उचललं, त्यामुळे.

मूळ ग्रीक शब्द 'एइरेने', म्हणजे शांतता. आपली 'शांता'च म्हणा. ही शांतीची देवीही; प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने तिला देवराज झ्यूस आणि थेमिस देवीची मुलगी म्हटलंय. सुव्यवस्था आणि न्याय या तिच्या बहिणी. इ.स.पू. चौथ्या शतकात केफिसोडोटसने अथेन्समध्ये तिचा पुतळा घडवला. त्यात तिच्या कडेवर छोटा प्लूटोस आहे, म्हणजे साक्षात संपत्ती. लढाई थांबली की घरात चार पैसे येतात, असा सरळ हिशेब. (इंद्रधनुष्याची आयरिस वेगळी, तिची यात गल्लत नको.)

आता उच्चार. लॅटिनने नाव घेतलं तेव्हा ग्रीकांचा 'रे' आणि 'ने'मधला स्वर 'ए' होता, म्हणून जर्मन आजही 'इरेने' म्हणतात आणि फ्रेंच 'इरेन'. पुढे ग्रीकांच्याच तोंडी तो 'ई' झाला: 'इरीनी'. कीव्हच्या राज्याने 988 साली बायझंटाईन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकांचा ख्रिस्ती) धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या कानावर हेच रूप पडलं. शेवटी बायकी 'आ' लागला आणि रशियनांची इरीना झाली. बोलीत तिचीच 'आरिना' होते, रशियन कवी पुश्किनच्या दाईचं नाव तेच. इंग्रजांनी मात्र आपले स्वर फिरवले तसे हेही फिरवून 'आयरीनी' केलं, मग शेपूटही छाटलं. पोर्तुगालमध्ये तर 'सांता इरिया' (संत आयरीन) झिजून सांतारें नावाचं शहर झालं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या बायझंटाईन राजघराण्याच्या सुनांची. आपल्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहितात ना, तसंच तिथेही परक्या मुलखातली राजकन्या आली की तिचं नाव बदलायचं, आणि पुन्हा पुन्हा तेच: इरीनी. खझार राजकन्या चिचाक, हंगेरीची पिरोश्का, जर्मनीची बेर्था, तिघीही इरीनी झाल्या. तिथल्या हागिया सोफिया या जुन्या चर्चमधल्या मोझेइकमध्ये नवऱ्यासोबत उभी आहे ती ही पिरोश्का. चिचाकची सून अथेन्सची, ती मूळचीच इरीनी. तिने 797 मध्ये पोटच्या मुलाचे डोळे काढवून गादी बळकावली. नाव शांता!

तेव्हा पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग आयरीनचं ठेवा, आजीला खुशाल इरीना म्हणू दे. फक्त जर्मनीत कुणी 'इरेने' अशी हाक मारली तर पोरीने दचकू नये. जुन्या उच्चाराच्या सगळ्यात जवळ तेच आहेत.