केवळ मांसाहार आणि मधुमेह

प्रश्न : माझे वय ४६ असून गेली सहा वर्षे मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेत आहे. व्हिडिओ पाहून दोन महिन्यांपूर्वी मी भात, भाकरी, डाळी, भाज्या, फळे सारे बंद केले. आता रोज सुमारे एक किलो बोनलेस चिकन आणि चार अंडी एवढेच खातो. वजन ८८ किलोवरून ८१ वर आले, साखरही उतरली. मात्र तीन-तीन दिवस शौचाला होत नाही आणि दुपारच्या जेवणाआधी हातपाय थरथरून घाम फुटतो. एस्किमो लोक पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगले, मग आपल्याला त्रास का व्हावा? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी औषधांबद्दल. जेवणाआधी थरथर आणि घाम ही रक्तातील साखर फार उतरल्याची लक्षणे असण्याची दाट शक्यता आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते आणि ताटात भाकरी असो वा नसो, आपले काम करतच राहते. असा त्रास होताच ग्लुकोमीटरवर साखर मोजावी आणि ती ७० च्या खाली असल्यास, आहाराचा नेम बाजूला ठेवून, तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे व काय खाता ते स्पष्ट सांगावे. हे सांगणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे : डॅपाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील मधुमेहाच्या गोळ्या अशा आहारावर असताना दिल्या गेल्या, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्लता धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

पिष्टमय पदार्थ कमी केल्याने साखर व वजन उतरते, हे खरेच आहे. सुरुवातीच्या घटीत मात्र पाण्याचा वाटा बराच असतो.

आता एस्किमोंविषयी, ज्यांना आज इनुइट म्हणतात. त्यांच्यात राहून आलेले संशोधक-प्रवासी विल्ह्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसावर राहू लागले आणि त्यांनी हा आहार वर्षभर चालवला. दोघांनाही स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झाला नाही, मूत्रपिंडेही बिघडली नाहीत. मांसाहाराचे प्रचारक इथवरच सांगतात. (प्रयोगाला अर्थसाहाय्य अमेरिकेतील मांस-व्यावसायिकांच्या संघटनेचे होते, हेही जाता जाता नोंदवावे.) परंतु आरंभी स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच मळमळ व जुलाब सुरू झाले आणि चरबीयुक्त मांस दिल्यावर ते थांबले. पुढे त्यांच्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग चरबीतून येत होता आणि ताटात कलेजी, गुर्दा, मेंदू, नळीतला मगज असे सारे होते. इनुइटही सीलची चरबी, कच्चे यकृत आणि क जीवनसत्त्व असलेली व्हेलची त्वचा खात. शिवाय ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये मेदाम्लांच्या चयापचयाशी संबंधित जनुकीय बदल आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आपण खाता ते याच्या नेमके उलट आहे. एक किलो बोनलेस छातीच्या मांसात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, चरबी मात्र नाममात्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले, तर आपल्याला रोज ६७ ग्रॅम पुरतात. जादा प्रथिनांतील नायट्रोजनचे युरिया करून तो बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडांवर पडते, आणि मधुमेहींची मूत्रपिंडे मुळातच जोखमीत असतात. यावर उपाय म्हणून चरबीदार मटण वाढवावे, तर एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढण्याचा संभव. मधुमेह आणि आपल्याकडे तुलनेने लवकर जडणारा हृदयविकार पाहता तोही मार्ग मी सुचवणार नाही. थोडक्यात, हा आहार चरबीविना ठेवला तरी अडचण आणि चरबीदार केला तरी अडचण.

बद्धकोष्ठाचे मोठे कारण उघड आहे : चिकन आणि अंडी यांत तंतू (फायबर) अजिबात नसतात. क जीवनसत्त्व अंड्यात नसते व शिजवलेल्या चिकनमध्ये जेमतेम असते. शरीरातला साठा एक ते तीन महिन्यांत आटू लागतो, तेव्हा हिरड्या सुजणे, दात घासताना रक्त येणे, मार न लागता काळेनिळे डाग पडणे याकडे दुर्लक्ष करू नये. चिकनऐवजी सॉसेज किंवा सलामी हा पर्याय तर मुळीच नव्हे. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले होते.

चिकन सोडा असे माझे म्हणणे नाही. दिवसाला दोनशे-अडीचशे ग्रॅमवर यावे, सोबत दोन वाट्या पालेभाजी किंवा गवार-दोडका, काकडी-टोमॅटो, एखादा पेरू आणि मूठभर शेंगदाणे असावेत. ज्वारीची अर्धी भाकरी परत घेताना साखर मोजत जावी. औषधांची मात्रा डॉक्टरांनी ठरवल्यानंतरच हा बदल सुरू करावा. त्याच भेटीत क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, लिपिड प्रोफाइल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्या करून घ्याव्यात व तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात.