वाचकांचे प्रश्न : नार्नियात शिरायचं कुठून?

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेचा सात पुस्तकांचा संच घेतला. त्यात 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ हा आकडा आहे. तिथूनच सुरुवात करू का?

उत्तर : नको. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी काढा. संचात त्यावर २ छापलेलं असलं तरी मालिका सुरू झाली ती त्याच पुस्तकापासून, १९५० साली. 'मॅजिशियन्स नेफ्यू' आलं १९५५ मध्ये, सहाव्या क्रमांकावर. संचावरचे आकडे नार्निया या जादूच्या देशातल्या घटना ज्या क्रमाने घडल्या त्यानुसार आहेत. लुईस यांनी १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात याच क्रमाकडे कल दाखवला होता. पण क्रमाने फारसं बिघडत नसावं, असंही त्याच पत्रात आहे.

आम्हाला मात्र वाटतं की बिघडतं. 'द लायन...'मध्ये बीव्हर हा बोलका प्राणी अ‍ॅस्लनचं, म्हणजे मालिकेतल्या सिंहाचं, नाव पहिल्यांदा काढतो, तेव्हा निवेदक सांगतो की अ‍ॅस्लन कोण हे जसं तुम्हाला माहीत नाही, तसंच या चार भावंडांनाही माहीत नव्हतं. आकड्यांप्रमाणे वाचत आलेल्या मुलीला ते आधीच माहीत असणार, म्हणजे ते वाक्यच वाया गेलं. बर्फाळ जंगलात मधोमध जळणाऱ्या दिव्याच्या खांबाचंही तेच. हा इथे कसा, असा या भावंडांपैकी ल्यूसीला पडलेला प्रश्न तुमच्या मुलीच्याही डोक्यात राहू द्या. त्याचं उत्तर 'मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये आहे आणि ते इतकं सुंदर आहे की आम्ही इथे फोडणार नाही. तेव्हा सातही पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बहुधा सापडतं.

प्रश्न : रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचतो. मुलं घाबरतील असा भाग कोणता?

उत्तर : 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'ची प्रकरणं १७ आहेत आणि रात्री एक हा वेग उत्तम आहे. एका प्रकरणाला साधारण १५-२० मिनिटं लागतात. मात्र १४वं वाचून दिवा मालवू नका. त्यात शिळेच्या मेजावर अ‍ॅस्लनला बांधतात, त्याची आयाळ कापतात, आणि सुरी उगारली जाते तिथेच प्रकरण संपतं. हळवं मूल ते मनात घेऊन झोपूच शकत नाही. १४ आणि १५ एकाच बैठकीत वाचा, हवं तर सुट्टीच्या दिवशी दुपारी. हा प्रसंग गाळायचा विचार मात्र करू नका, कारण चार भावंडांपैकी एडमंडच्या विश्वासघाताची किंमत कोण चुकवतं हे तिथेच कळतं.

प्रश्न : एका मिठाईपायी एडमंड भावंडांना दगा देतो, हे पटत नाही.

उत्तर : ती मिठाई, म्हणजे टर्किश डिलाइट, मंतरलेली आहे. एकदा चाखली की आणखी हवीशी वाटते, आणि मिळत राहिली तर माणूस मरेपर्यंत खात सुटेल. शिवाय काळ लक्षात घ्या. ही मुलं हवाई हल्ल्यांमुळे लंडनहून खेड्यात पाठवलेली आहेत. ब्रिटनमध्ये मिठाईचं रेशनिंग जुलै १९४२ मध्ये सुरू झालं आणि, १९४९ मधले काही महिने सोडले तर, फेब्रुवारी १९५३ पर्यंत चाललं. पुस्तक आलं तेव्हा ते वाचणाऱ्या ब्रिटिश मुलांना काही पौंड वजनाच्या टर्किश डिलाइटने भरलेला डबा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागलं नसेल. साखर आणि स्टार्च आटवून केलेल्या या मऊ वड्या असतात, वरून पिठीसाखर भुरभुरलेली.

प्रश्न : पुस्तक वाचल्यापासून मुलं कपाटात शिरून बसतात!

उत्तर : पुस्तकात नार्नियाची वाट कपाटातूनच जाते ना! मग त्यांना पुस्तकातलीच ताकीद वाचून दाखवा. कपाटात शिरून आतून दार लावून घेणं मूर्खपणाचं आहे, हे लुईस पुन्हा पुन्हा बजावतात. ल्यूसी दार उघडं ठेवते, पीटरही पुरतं लावत नाही. लावतो तो एडमंड. काही कपाटांची खिटी फक्त बाहेरूनच उघडते आणि आतली हवा लवकर कोंदट होते. खेळायला मोठं खोकं द्या, आणि त्याची एक बाजू पूर्ण कापून टाका.